पडद्यावरचा निवाडा : ब्रिटनमधील कायद्याचे विद्यार्थी आणि डिजिटल संदर्भसाधने

प्रस्तावना

इंग्लंडचा कायदा कोणत्याही एका ग्रंथात बांधलेला नाही. संसदेने केलेले अधिनियम आणि न्यायालयांनी शतकानुशतके दिलेले निवाडे अशा दोन प्रवाहांतून तो घडत आला आहे. त्यांतील दुसऱ्या प्रवाहाला, म्हणजे वरिष्ठ न्यायालयाचा निवाडा तशाच स्वरूपाच्या पुढील खटल्यात कनिष्ठ न्यायालयावर बंधनकारक असतो या पूर्वनिर्णयाच्या तत्त्वाला, तेथे इतके वजन आहे की कायदा शिकणे म्हणजे बहुतांशी निवाडे शोधणे, ते नीट वाचणे आणि त्यांची परस्परांतील नाती लावणे होय. हे काम पूर्वी ग्रंथालयातील फडताळांपुढे उभे राहून होत असे, आज ते संगणकाच्या पडद्यासमोर बसून होते, आणि या बदलाकडे सामान्यतः वेग आणि सोय यांचा बदल म्हणून पाहिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. जुने फडताळ शोधणाऱ्याला न विचारता काही गोष्टी सांगत असे. पडदा त्या आपण होऊन सांगत नाही, आणि त्या त्याला विचाराव्या लागतात हे ज्याला उमगले नाही, त्याच्या हाती उत्तम साधन असूनही चुकीचा कायदा लागतो.

फडताळ काय सांगत असे, हे समजण्यासाठी निवाडे छापण्याच्या परंपरेकडे धावती नजर टाकावी लागते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १५३५ पर्यंत ‘इयर बुक्स’ नावाची टिपणे होती. त्यानंतरच्या काळात वकील आणि जाणकार मंडळी स्वतःच्या नावाने निवाड्यांचे संग्रह काढीत, आणि त्यांची गुणवत्ता संग्राहकागणिक बदलत असे. १८६५ मध्ये ‘इनकॉर्पोरेटेड कौन्सिल ऑफ लॉ रिपोर्टिंग’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि तिने ‘द लॉ रिपोर्ट्‌स’ ही मालिका सुरू केली. १९३६ पासून ‘ऑल इंग्लंड लॉ रिपोर्ट्‌स’ आणि १९५३ पासून ‘वीकली लॉ रिपोर्ट्‌स’ निघू लागले. येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. न्यायाधीशाने दिलेला मजकूर म्हणजे निवाडा. त्या मजकुराच्या आधी जाणकार संपादकाने लिहिलेला सारांश, कोणत्या जुन्या निवाड्यांचा आधार घेतला वा नाकारला याची नोंद आणि ‘द लॉ रिपोर्ट्‌स’मध्ये दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या युक्तिवादाचा गोषवारा, इतके मिळून जे छापले जाते तो लॉ रिपोर्ट होय. कायद्यात काही नवी भर घालणारेच निवाडे अशा रिपोर्टांसाठी निवडले जात. त्यामुळे एखादा निवाडा त्या कातडी बांधणीच्या खंडात आहे, एवढ्यावरूनच त्याला काही किंमत आहे हे विद्यार्थ्याला कळत असे. न्यायालयांनीही ही उतरंड मान्य केलेली आहे. २०१२ च्या न्यायालयीन निर्देशानुसार एखादा निवाडा ‘द लॉ रिपोर्ट्‌स’मध्ये आला असेल तर तेथूनच तो दाखवायचा असतो. तेथे नसेल तर ‘वीकली’ किंवा ‘ऑल इंग्लंड’मधून, तेथेही नसेल तर विशिष्ट विषयाच्या मालिकेतून, आणि कोठेच छापलेला नसेल तरच न्यायालयाने दिलेली नक्कल पुढे ठेवायची असते.

पडद्यावर ही उतरंड दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी मिळून दिलेला निवाडा आणि प्रथम पायरीच्या न्यायाधिकरणाने एका कर-तक्रारीत दिलेला निर्णय हे दोन्ही शोधाच्या यादीत एकाच अक्षरवळणात, एकाच रुंदीच्या ओळींत, एकाखाली एक येतात. बांधणी, जाडी, जागा, धूळ या खुणा गेल्या की वजनाचा अंदाज डोळ्याला येत नाही, तो बुद्धीने करावा लागतो. पुढील विवेचनाचे सूत्र हेच आहे.

तथापि फडताळाचे गुण सांगताना त्याच्यापर्यंत कोणाला पोहोचता येत होते, हा प्रश्न मागे ठेवणे अन्यायाचे होईल, आणि मराठी मुलखाला तर त्याचा थेट संदर्भ आहे. नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात कायदा शिकू लागल्या, तेव्हा त्या अभ्यासाला लागणारी पुस्तके जेथे होती त्या ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात वाचक म्हणून स्त्रीला प्रवेश मिळालेला नव्हता. कॉलेजचे प्रमुख सर विल्यम अ‍ॅन्सन यांनी तो दिला, आणि तेथे वाचक म्हणून प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १८९२ मध्ये त्यांनी बी.सी.एल. या कायद्याच्या पदवीची परीक्षा दिली. पदवी मात्र तीस वर्षांनी, विद्यापीठाने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केल्यानंतर, १९२२ मध्ये हाती आली. त्याच वर्षी ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले. त्यांच्या लंडनमधील दिवसांची ओळख आजही ग्रंथालयांत काढलेल्या दीर्घ तासांवरूनच करून दिली जाते. कायद्याचे ज्ञान म्हणजे एका विशिष्ट दालनाची किल्ली, ही त्या काळची वस्तुस्थिती होती.

ती किल्ली संगणकाने लगेच सर्वांच्या हाती दिली, असे मात्र घडले नाही. अमेरिकेत १९७३ मध्ये ‘लेक्सिस’ ही निवाड्यांच्या संपूर्ण मजकुरात शब्द शोधून देणारी सेवा सुरू झाली आणि १९८० मध्ये बटरवर्थ्‌स या प्रकाशनसंस्थेने ती ब्रिटनमध्ये आणली. तिची स्पर्धक ‘वेस्टलॉ’ हिची ब्रिटिश आवृत्ती २००० च्या सुमारास विद्यापीठांत पोहोचली. या दोन्ही सेवा व्यापारी असून त्यांचे शुल्क विद्यापीठ भरते. विद्यार्थी आपल्या विद्यापीठाच्या नाव आणि पासवर्डाने आत शिरतो, आणि शिक्षण संपले की तो दरवाजा बहुधा त्याच्यासाठी बंद होतो. शिकताना हाताशी असलेली सर्व आयुधे पहिल्या नोकरीच्या दिवशी काढून घेतली जावीत, ही स्थिती लहान गावातील लहान कार्यालयात उमेदवारी करणाऱ्याला फार जाचते. म्हणूनच २००० मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रिटिश अँड आयरिश लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट’चे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘बेली’चे, महत्त्व शब्दांत सांगण्यापलीकडचे आहे. ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘ऑस्टली’च्या धर्तीवर, कायद्याचा मजकूर ही सार्वजनिक मालमत्ता आहे या भूमिकेतून, तिने इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील निवाडे विनामूल्य खुले केले. सर हेन्री ब्रुक यांच्यासारखे अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती तिच्या पाठीशी पहिल्यापासून उभे राहिले. २०२२ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराने ‘फाइंड केस लॉ’ ही सरकारी सेवा सुरू केली. न्यायालयांचे निवाडे जनतेसाठी जतन करून प्रकाशित करण्याची जबाबदारी त्यामुळे शासकीय यंत्रणेकडे आली. हे पाऊल उशिरा पडले, पण पडले हे चांगले झाले.

खुल्या प्रकाशनाला आवश्यक असलेली एक छोटी सुधारणा ‘फाइंड केस लॉ’च्या बरीच आधी झाली होती. ११ जानेवारी २००१ रोजी सरन्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांनी निर्देश काढून निवाड्यांना तटस्थ संदर्भांक, म्हणजे कोणत्याही प्रकाशकाच्या खंडावर वा पृष्ठावर अवलंबून नसलेला क्रमांक, देण्याची आणि निवाड्यातील परिच्छेदांना अनुक्रमांक घालण्याची पद्धत सुरू केली. तोवर निवाड्याचा पत्ता म्हणजे एखाद्या प्रकाशकाच्या पुस्तकाचे पान असे, आणि पुस्तक नसेल तर पत्ताही नसे. विद्यार्थ्याने संदर्भ वाचण्याची ही लिपी पहिल्या आठवड्यातच शिकून घ्यावी. उदाहरणार्थ, पेझली येथील जिंजर बिअरच्या बाटलीत निघाल्याचा दावा असलेल्या गोगलगायीमुळे प्रसिद्ध झालेला डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा खटला [१९३२] एसी ५६२ असा दाखवला जातो. त्याचा अर्थ ‘अपील केसेस’ मालिकेच्या १९३२ च्या खंडातील पृष्ठ ५६२. बेलीवर त्याच निवाड्याला [१९३२] यूकेएचएल १०० असा मागाहून दिलेला क्रमांक आहे. त्याचा अर्थ हाउस ऑफ लॉर्ड्‌सचा त्या वर्षीचा शंभराव्या क्रमांकाचा निवाडा. वर्ष चौकटी कंसात असेल तर खंड शोधण्यासाठी ते वर्ष अनिवार्य असते. गोल कंसात असेल तर खंडांना स्वतःचा सलग क्रमांक असतो आणि वर्ष केवळ माहितीपुरते असते. कंसासारखी क्षुल्लक वाटणारी गोष्ट शोधाला दिशा देते, हे ध्यानात आले म्हणजे पुष्कळसे काम सोपे होते.

गोल कंसाचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित, म्हणजे ताईमहाराज प्रकरण या नावाने महाराष्ट्राला ठाऊक असलेला वाद, (१९१५) एल.आर. ४२ आय.ए. १३५ या संदर्भाने ओळखला जातो. ‘आय.ए.’ म्हणजे ‘इंडियन अपील्स’, भारतातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे गेलेल्या अपिलांच्या निवाड्यांची मालिका, आणि ४२ हा तिचा खंड. लोकमान्यांच्या चरित्रात हे प्रकरण छळाची आणि अखेरच्या विजयाची कथा म्हणून येते. कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी मात्र ते पुराव्याच्या कायद्यातील एका तत्त्वाचा आधार आहे. साक्षीदाराला खोटे ठरवायचे असेल तर त्याच्या विरोधात जाणारी जुनी विधाने आधी त्याच्यापुढे ठेवून त्याला खुलाशाची संधी दिली पाहिजे, हे ते तत्त्व. एकच मजकूर, पण चरित्रकार आणि विधिज्ञ त्यातून वेगळे धान्य पाखडून घेतात. प्रिव्ही कौन्सिलचे १८०९ पासूनचे निवाडे बेलीवर ठेवलेले असल्याने, मुंबई इलाख्यातील दत्तक, वतन आणि वारसा यांवरील असे कितीतरी वाद ब्रिटनमधील कोणाही विद्यार्थ्याला आपल्या खोलीत बसून वाचता येतात.

संदर्भ वाचता आला, निवाडा सापडला, की खरे काम सुरू होते. तो निवाडा आज टिकून आहे काय? याची नोंद ठेवणाऱ्या साधनाला सायटेटर म्हणतात. ‘करंट लॉ’च्या १९४७ पासूनच्या खंडांतून ही नोंद पूर्वी हाताने शोधावी लागे. आज लेक्सिस आणि वेस्टलॉ निवाड्याच्या नावाशेजारी एक रंगीत खूण ठेवतात. ती लाल असेल तर सावध व्हावे हे कोणालाही कळते, पण खुणेमागे काय घडले आहे हे खूण सांगू शकत नाही. फौजदारी कायद्यातील अप्रामाणिकपणाच्या कसोटीचा इतिहास या दृष्टीने सावकाश पाहण्यासारखा आहे.

अपील न्यायालयाने आर विरुद्ध घोष, [१९८२] क्यूबी १०५३, या निवाड्यात दुपदरी कसोटी घालून दिली होती. आरोपीचे वर्तन सामान्य प्रामाणिक माणसांच्या दृष्टीने अप्रामाणिक असले पाहिजे, आणि ते तसे आहे याची जाणीव आरोपीलाही असली पाहिजे. पस्तीस वर्षे जूरींना हीच कसोटी समजावून सांगितली गेली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आयव्ही विरुद्ध जेंटिंग कॅसिनोज, [२०१७] यूकेएससी ६७, हा खटला आला. पत्त्यांच्या पाठीवरील नक्षीतील बारीक फरक हेरून लंडनच्या एका क्लबात जिंकलेले ७७ लाख पौंड मिळावेत, म्हणून एका व्यावसायिक जुगाऱ्याने केलेला हा दिवाणी दावा होता. फसवणूक सिद्ध व्हायला अप्रामाणिकपणा दाखवावा लागत नाही, असे म्हणून न्यायालयाने दावा फेटाळला, आणि पुढे जाऊन, घोषमधील दुसरा पदर चुकीचा आहे आणि तो यापुढे वापरू नये, असेही सांगितले. आता निवाड्यातील जो तर्क निकालासाठी आवश्यक असतो त्याला निर्णयाधार म्हणतात आणि तोच बंधनकारक असतो. ओघात केलेल्या टिप्पणीला प्रासंगिक अभिमत म्हणतात आणि ते कितीही आदरणीय असले तरी बांधून ठेवीत नाही. आयव्हीमधील घोषविषयक भाग काटेकोरपणे पाहता प्रासंगिक अभिमत होता. मग क्राउन कोर्टाने काय करावे? बंधनकारक असलेला पण सर्वोच्च न्यायालयाने चुकीचा म्हटलेला घोष पाळावा, की बंधनकारक नसलेला आयव्ही? २०२० मध्ये आर विरुद्ध बार्टन अँड बूथ, [२०२०] ईडब्ल्यूसीए क्रिम ५७५, या निवाड्यात सरन्यायाधीश लॉर्ड बर्नेट यांच्यासह पाच न्यायमूर्तींनी आयव्हीच पाळला जाईल असे ठरवले आणि प्रश्न मिटला.

या मधल्या अडीच वर्षांत ज्याने केवळ रंगीत खूण पाहून ‘घोष रद्द झाला’ असे लिहिले, त्याचे उत्तर अपुरे होते. ज्याने तिन्ही निवाडे उघडून कोणत्या न्यायालयाने, कोणत्या प्रकारच्या खटल्यात, किती आवश्यकतेने काय म्हटले हे पाहिले, त्याला कायदा कळला होता. सायटेटरची खूण ही धोक्याची पाटी आहे, पुढचा रस्ता कसा आहे हे तिच्यावर लिहिलेले नसते.

अधिनियमांच्या बाबतीतही अशीच दक्षता लागते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘लेजिस्लेशन डॉट जीओव्ही डॉट यूके’ या २०१० पासूनच्या संकेतस्थळावर एकाच कायद्याची दोन रूपे असतात, संमत झाला तेव्हाचे मूळ रूप आणि दुरुस्त्या समाविष्ट केलेले अद्ययावत रूप. १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टचे सातवे कलम मूळ रूपात उघडले तर चोरीची कमाल शिक्षा दहा वर्षे दिसते. अद्ययावत रूपात ती सात वर्षे आहे, आणि बदललेल्या शब्दांभोवतीच्या चौकटी कंसाला लागून असलेली ‘एफ’ ही बारीक टीप, हा बदल १९९१ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टने केल्याचे सांगते. ‘एफ’ शब्दबदलाची टीप, ‘सी’ शब्द न बदलता परिणाम बदलल्याची, ‘आय’ अंमलबजावणीच्या तारखेची आणि ‘ई’ कायदा कोणत्या प्रदेशाला लागू आहे याची. यांतील शेवटची टीप भारतीय विद्यार्थ्याने विशेष जपावी, कारण ब्रिटन एक राज्य असले तरी तेथे एकच कायदा नाही. चोरीचा हा अधिनियम स्कॉटलंडला लागू नाही, तेथे चोरी हा निवाड्यांनी घडवलेल्या कायद्यातील गुन्हा आहे. पानाच्या माथ्यावर काही दुरुस्त्या अजून मजकुरात घ्यायच्या राहिल्या आहेत अशी सूचना असेल, तर तीही वाचूनच पुढे जावे.

शोधयंत्राला प्रश्न विचारण्याच्या युक्त्या थोड्या आहेत आणि त्या हाताला लवकर वळतात. ‘डिसऑनेस्ट’ या शब्दाच्या इंग्रजी रूपापुढे उद्गारचिन्ह टाकले की त्यापासून झालेली क्रियाविशेषणे आणि नामेही शोधात येतात. दोन शब्द एकाच वाक्यात किंवा ठरावीक शब्दांच्या अंतरात यावेत असेही सांगता येते. पण शोध थेट निवाड्यांपासून सुरू करणे ही नवख्याची चूक होय. आधी पाठ्यपुस्तक किंवा १९०७ पासून आवृत्त्या निघत असलेला ‘हॅल्सबरीज लॉज ऑफ इंग्लंड’ वाचून विषयाची चौकट आणि तिचे नेमके शब्द मनात ठसवावेत. शब्द चुकला तर हजारो निवाडे समोर येतात आणि हवा तोच सापडत नाही.

गेल्या काही वर्षांत मजकूर रचून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता या साधनांच्या पंक्तीत येऊन बसली आहे, आणि तिच्याविषयी संदिग्ध बोलणे विद्यार्थ्यांच्या हिताचे नाही. ६ जून २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या किंग्ज बेंच विभागाच्या अध्यक्ष डेम व्हिक्टोरिया शार्प आणि त्यांचे सहन्यायमूर्ती यांनी दिलेला निवाडा, [२०२५] ईडब्ल्यूएचसी १३८३ (अ‍ॅडमिन), प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा. त्यात दोन प्रकरणे एकत्र ऐकली गेली. एकात अस्तित्वात नसलेल्या पाच निवाड्यांचे दाखले दिले गेले होते. दुसऱ्यात ४५ दाखल्यांपैकी १८ निवाडे मुळात नव्हतेच, कारण अशिलाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने केलेले संशोधन वकिलाने न तपासता न्यायालयापुढे ठेवले होते. कहर म्हणजे त्यांतील एक निवाडा, ज्या न्यायमूर्तींपुढे ते कागद गेले त्यांच्याच नावावर खपवलेला होता. अशा वर्तनासाठी समज देण्यापासून न्यायालयाच्या अवमानाच्या कारवाईपर्यंत आणि गंभीर प्रसंगी पोलिसांकडे प्रकरण सोपवण्यापर्यंत उपाय आहेत, असे न्यायालयाने बजावले. पडताळणी कोठे करायची तेही सांगितले: शासनाचा अधिनियमांचा संग्रह, राष्ट्रीय अभिलेखागाराचा निवाड्यांचा संग्रह, इनकॉर्पोरेटेड कौन्सिलचे लॉ रिपोर्ट्‌स आणि प्रतिष्ठित प्रकाशकांचे माहितीसंच. रचून दिलेला दाखला दिसायला निर्दोष असतो. पक्षकारांची नावे, वर्ष, कंस, क्रमांक सारे जागच्या जागी असते. तो उघडून पाहिल्यावाचून खरा की खोटा हे ठरत नाही, आणि उघडून पाहायला एक मिनिटही लागत नाही. हे मिनिट वाचवणाऱ्याला क्षमा नसावी.

महाराष्ट्रातून ब्रिटनमध्ये शिकायला जाणारा विद्यार्थी या क्षेत्रात कोरा नसतो. नागपूरचा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ किंवा १८९९ पासूनचा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ त्याने हाताळलेला असतो, आणि पूर्वनिर्णयाचे तत्त्व दोन्ही देशांत एकाच मुळाचे आहे. त्याला नव्याने शिकायचे ते त्या तत्त्वाचे तिकडील तपशील, म्हणजे न्यायालयांची उतरंड, चार प्रदेशांची सरमिसळ आणि तेथील संदर्भांची लिपी. हे शिकणे केवळ वाचून होत नाही. म्हणून वाचकाला विनंती अशी की, येथे आलेला प्रत्येक संदर्भ त्याने स्वतः शोधून उघडावा आणि येथे सांगितलेले तेथे खरोखर तसेच आहे काय ते पडताळावे. आरंभ थेफ्ट अ‍ॅक्टच्या सातव्या कलमापासून करावा, नंतर आयव्हीकडे वळावे. बेली, फाइंड केस लॉ आणि लेजिस्लेशन डॉट जीओव्ही डॉट यूके या तिन्ही ठिकाणी त्यासाठी पासवर्ड लागत नाही.